‘डी’ कमी आलं म्हणजे कारण सापडलं असं नाही

रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी ठळक छापलेला आकडा शोधतो. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवताना हे मी रोज बघतो. पुरुषांच्या रिपोर्टवर हा ठळक आकडा गेली काही वर्षं बहुतेक दोनच ओळींत असतो, व्हिटॅमिन डी आणि बी-ट्वेल्व्ह. रिपोर्ट न्यायला आलेला एखादा गृहस्थ मग काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत थांबतो, केबिनच्या दारात येतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, “डॉक्टर, डी कमी आलंय. त्याच्यानंच होत असेल ना मग ते?” तक्रार मला विचारून घ्यावी लागते. लिंगाला ताठरता येत नाही, किंवा येते पण टिकत नाही. हे त्यानं बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नसतं. ज्या डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या त्यांनाही “अशक्तपणा वाटतो” एवढंच सांगितलेलं असतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. या तक्रारीवर जीवनसत्त्वांची तपासणी करणं, ती कमी आली म्हणून गोळ्या-पुड्या देणं आणि माणसाला घरी पाठवणं हा उपचार नव्हे. त्यात महिने जातात आणि खरा आजार आत वाढत राहतो. चाळिशीपुढच्या पुरुषात तो आजार पुष्कळदा साखरेचा किंवा रक्तवाहिन्यांचा असतो.

आधी डीचं बघू. आपल्याकडे ऊन भरपूर असलं तरी दुकानात, कचेरीत, वर्गात, गाडीत दिवस काढणाऱ्या माणसाच्या अंगावर ते पडत नाही. शिवाय आपल्या जेवणात डी फारसं नसतंच. त्यामुळे माझ्याकडे ही तपासणी करणाऱ्या बहुतेकांचा आकडा खालीच येतो, मग तक्रार गुडघ्यांची असो, केसांची असो, झोपेची असो की शय्येवरची. जे जवळजवळ सगळ्यांमध्ये सापडतं, त्यावर एका माणसाच्या एका तक्रारीचं खापर कसं फोडायचं?

त्यातून ‘कमी’ कशाला म्हणायचं यावरही एकमत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीनं २०१० मध्ये सांगितलं की रक्तात मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम डी असेल तर जवळपास सगळ्यांच्या हाडांना ते पुरतं. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर मात्र ३० ही रेष छापलेली असते. म्हणजे २४ आकडा आलेला माणूस एका रेषेनं ठणठणीत आणि दुसऱ्या रेषेनं रुग्ण. हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटी या संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निरोगी प्रौढांची डीची सरसकट तपासणी करू नका असंच सांगितलं आहे. माझ्या उत्पन्नाचा एक भाग याच तपासणीतून येतो, तरीही हे मला पटतं.

डीचा आणि या तक्रारीचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या सुमारे ३४०० पुरुषांची माहिती तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डी २० च्या खाली असलेल्या पुरुषांमध्ये ताठरतेची अडचण जवळपास ३० टक्क्यांनी जास्त आढळली. हाच अभ्यास पुढे जाहिरातींत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत फिरत राहिला. पण ज्याचं पोट सुटलंय, जो दिवसभर बसून असतो, ज्याला मधुमेह आहे, त्याचं डीही कमी असतं, कारण तो उन्हात चालत-फिरत नाही आणि डी चरबीत अडकून राहतं. ताठरता जाण्याची कारणंही हीच. अभ्यासक आकडेमोडीत हे फरक शक्य तेवढे वजा करतात, तरी सगळे वजा होत नाहीत. दोन गोष्टी एका घरात राहतात म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही.

खात्री करायची तर डी देऊन बघायला हवं. ऑस्ट्रेलियात ते झालं. डी-हेल्थ नावाच्या चाचणीत साठ ते चौऱ्याऐंशी वयाच्या एकवीस हजारांवर स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना महिन्याला ६०,००० युनिट डी दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. ६०,००० युनिट म्हणजे आपल्याकडे दुधातून घ्यायला सांगतात त्या पुडीतली मात्रा. पुढे त्यातल्या पुरुषांना ताठरतेबद्दल विचारलं, तेव्हा अडचण असणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. हे पुरुष वयस्कर होते आणि सगळ्यांचं डी आधीपासून कमी नव्हतं, हे खरं. ज्याचं डी फारच खाली आहे, ज्याची हाडं दुखतात, त्यानं ते घ्यायलाच हवं, पण ते हाडांसाठी.

मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात हिशेब बघणारे एक मुनीम माझ्याकडे आले, त्यांचं उदाहरण सांगतो. वय सेहेचाळीस. डी ११ आलं होतं. कुठल्याशा दवाखान्यात आठवड्याला एक अशा पुड्या लिहून मिळाल्या, त्या त्यांनी एकही न चुकवता घेतल्या आणि तपासणी परत करून घेतली. आता ४२. रिपोर्ट हातात धरून ते मला विचारत होते, “आकडा तर बरोबर आला, मग फरक का नाही?” बोलता बोलता कळलं की रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं, वजन उतरलंय आणि वडील मधुमेहानं गेले. साखर कुणी तपासलीच नव्हती. त्याच रक्तात मी मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए-वन-सी तपासणी करून घेतली. ती दहाच्या वर निघाली. साडेसहापासून मधुमेह धरतात. पुड्यांच्या त्या सगळ्या काळात त्यांची साखर या पातळीवर होती. व्हिटॅमिन डीच्या तपासणीला त्यांनी दोन्ही वेळा हजाराच्या वर मोजले होते. उपाशीपोटीची साखर त्या मानानं चिल्लर पैशांत होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यातल्या किती पुरुषांच्या आजाराची पहिली खूण बिछान्यात दिसली असेल आणि अशक्तपणाच्या नावाखाली झाकली गेली असेल, या विचारानं मी अस्वस्थ होतो.

ताठरता ही मुळात रक्तपुरवठ्याची गोष्ट आहे. मज्जातंतूंकडून इशारा आला की लिंगातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, भिंतींचे स्नायू सैल पडतात आणि रक्त आत भरून राहतं. नायट्रिक ऑक्साइड शरीरात रक्तवाहिन्यांचा निरोप्या म्हणून काम करतो, हे दाखवणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिल ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली. ही गोळी नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेवर काम करते, त्यानं सुरू केलेला परिणाम लवकर विरू देत नाही. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल ही वाट उलट्या बाजूनं बंद करत आणतात, कारण ते रक्तवाहिनीच्या अस्तरावरच घाव घालतात.

लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. बिघाड एकाच जातीचा असला तरी लहान वाहिनीत तो आधी जाणवतो. ठिबकवर द्राक्षबाग असणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: क्षार साठले की ड्रिपर आधी बंद पडतात, मेन लाइनला नंतर कळतं. इटलीतल्या मोंतोर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुद्दा वीसेक वर्षांपूर्वी मांडला. हृदयविकाराची लक्षणं दिसण्याच्या दोन-तीन वर्षं आधी ताठरतेची तक्रार सुरू झालेली असते, असं पुष्कळ रुग्णांत आढळलं. २००५ मध्ये पंचावन्न वर्षांवरच्या अमेरिकी पुरुषांचा एक मोठा अभ्यास आला. ज्यांच्यात ही तक्रार नव्यानं सुरू झाली, त्यांना पुढे हृदयविकार होण्याचा धोका धूम्रपानानं किंवा घराण्यातल्या हृदयविकारानं वाढतो साधारण तेवढाच वाढलेला होता. म्हणजे पन्नाशीचा माणूस केबिनच्या दारात थांबून हलक्या आवाजात विचारतो, तेव्हा तो बहुधा आपल्या हृदयाबद्दल विचारत असतो, आणि आपण त्याच्या हातावर डीची पुडी ठेवतो.

बी-ट्वेल्व्हची गोष्ट थोडी वेगळी आहे. हे जीवनसत्त्व मज्जातंतूंच्या वेष्टणासाठी लागतं, आणि ताठरतेचा इशारा मज्जातंतूंतूनच जातो. त्याची मोठी कमतरता बरेच दिवस राहिली तर तळपायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो, आणि या कामातही अडथळा येऊ शकतो. उशीर झाला तर झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. म्हणून ट्वेल्व्ह खरोखर कमी असेल, तर ते भरून काढण्यात कुचराई नको. मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून ते मिळतं, भाजीपाल्यातून नाही.

पण पुण्यातला एक अभ्यास ध्यानात ठेवायला हवा. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्यातले आणि आसपासच्या खेड्यांतले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ मध्ये निष्कर्ष आले: ६७ टक्के पुरुषांचं बी-ट्वेल्व्ह कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. हे पुरुष कुठली तक्रार घेऊन आलेले नव्हते, साधे निरोगी मध्यमवयीन पुरुष होते. म्हणजे महाराष्ट्रात ताठरतेची तक्रार घेऊन येणाऱ्या कुणाचंही ट्वेल्व्ह तपासा, ते कमी निघण्याची शक्यता मोठी. कमी निघालं म्हणून कारण हाती लागलं असं समजणं घाईचं ठरतं. इंजेक्शनांचा कोर्स पुरा करावा, आणि त्याच वेळी साखर, रक्तदाब आणि चरबी तपासून घ्यावी.

ट्वेल्व्हकडे दुर्लक्ष होतं ते भलत्याच ठिकाणी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं ट्वेल्व्ह हळूहळू उतरतं. हे जगभर मान्य झालेलं आहे आणि अधूनमधून तपासणी करा असा सल्ला मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. तरी दहा-दहा वर्षं मेटफॉर्मिनवर असलेले शाकाहारी मधुमेही माझ्याकडे दर तीन महिन्यांनी साखर तपासायला येतात आणि त्यांच्या चिठ्ठीवर ट्वेल्व्ह कधीच नसतं. पाय बधिर झाले की मधुमेहानं झाले असं धरून चालतात. त्यात ट्वेल्व्हचा वाटा किती हे कुणी बघतच नाही, आणि ताठरता गेली तर विचारायचीही सोय नाही. जिथे तपासणीची गरज आहे तिथे ती होत नाही, आणि जिथे तपासण्यांचं पॅकेज खपतं तिथे होते. याचा मला मनापासून राग येतो.

आता गोळ्यांबद्दल. जीवनसत्त्वच तर आहे, जास्त झालं तर लघवीतून जाईल, असं लोक मानतात. डी लघवीतून जात नाही, साठतं. पुड्यांबरोबर सहा-सहा लाख युनिटांची इंजेक्शनं घेत गेलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, किडनी निकामी होऊ शकते. बी-सिक्स मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानंच पाय बधिर होतात, म्हणजे ज्या मुंग्यांसाठी गोळी सुरू केली त्या गोळीनंच वाढायच्या. नुसतं फॉलिक अॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि ट्वेल्व्हच्या कमतरतेनं मज्जातंतूंची होणारी हानी झाकून राहते. पुरुषांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ई घातलेलं असतं. अमेरिका-कॅनडातल्या पस्तीस हजारांवर पुरुषांवर झालेल्या सिलेक्ट चाचणीत रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. हे २०११ चं.

माझ्या कामाचा एक मुद्दा इथेच सांगून टाकतो. केसांसाठी बायोटिन घेणारी तरुण मंडळी आता फार आहेत. बायोटिनची मात्रा मोठी असेल तर काही यंत्रांवर थायरॉइडचे, टेस्टोस्टेरॉनचे, अगदी हृदयाच्या ट्रोपोनिनचेही आकडे चुकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तशी सूचना काढली होती. तेव्हा रक्त द्यायला येताना कुठल्या गोळ्या चालू आहेत ते सांगा. टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी तपासायचं असतं, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण ते दिवसभर खालीवर होतं. दुकान बंद करून संध्याकाळी सातला रक्त देणाऱ्याच्या आकड्यावरून निदान करू नये. व्यायामशाळेतल्या कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर अजिबात घेऊ नयेत, त्यानं शुक्राणू तयार होणं थांबतं. मूल व्हावं म्हणून धडपडणारा तरुण त्यानं आणखी खोलात जातो.

तरुणांचं कारण बहुतेकदा निराळं असतं. पहाटे ताठरता येते पण बायकोजवळ जाताना नाही, याचा अर्थ रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बहुधा ठीक आहेत, मनावर ताण आहे. धातू जाते, ताकद जाते या भीतीनं खचलेली मुलं आजही येतात. अशांना समजावून सांगणारा माणूस लागतो, व्हिटॅमिनची बाटली त्यांची भीती पक्की करते.

भीती विकणारे तर गल्लोगल्ली आहेत. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यानं बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एसटी स्टँडच्या मागच्या भिंती वाचल्या की असा कायदा आहे हे खरं वाटत नाही. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालात सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं परदेशातल्या तपासण्यांत वारंवार सापडलं आहे. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्या माणसानं असं चूर्ण खाल्लं, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आपण काय खाल्लं हे त्याला ठाऊकही नसतं. हीच सिल्डेनाफिलची गोळी डॉक्टरांनी हृदय तपासून, इतर औषधं बघून लिहून दिली तर ती चांगली, परिणामकारक आणि बऱ्यापैकी स्वस्त आहे. ती घेण्यात लाज कसली?

गोळीशिवायही फरक पडतो. नेपल्समध्ये ताठरतेची अडचण असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांचा अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना वजन उतरवण्यासाठी आहार आणि व्यायाम नीट आखून दिला, पाठपुरावा केला. बाकीच्यांना नुसती सर्वसाधारण माहिती दिली. दोन वर्षांनी पहिल्या ५५ पैकी १७ जणांची ताठरता पूर्ववत झाली होती, दुसऱ्या ५५ पैकी फक्त तिघांची. आपल्याकडे यात तंबाखू सोडण्याची भर घालावी लागेल. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि माझ्याकडे रक्त द्यायला येणाऱ्यांच्या खिशात पुड्या आहेत. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही ही अडचण येते. ती परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगितलं तर बदलून मिळतात. पण त्यासाठी तोंड उघडायला हवं.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. मराठी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते छापून उत्तरं देत होते. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्याला नव्वद वर्षं होऊन गेली आणि मराठी माणूस अजून आपल्याच डॉक्टरांसमोर “अशक्तपणा” म्हणतो. यात रुग्णाला दोष देऊन चालणार नाही. ओपीडीत बाकावर पंधरा माणसं, दार उघडं, आत कंपाउंडर, बाहेर शेजारचा बसलेला. अशा वेळी तो काय बोलणार? विचारायचं काम डॉक्टरांचं आहे.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. प्रत्येक मधुमेही आणि रक्तदाबाच्या पुरुष रुग्णाच्या केसपेपरवर भूक, झोप, लघवी यांच्या ओळीत ताठरतेचीही ओळ असावी, आणि दार लोटून घेऊन ती विचारली जावी. तक्रार असेल तर आधी साखर, रक्तदाब, कंबरेचा घेर, चरबी, चालू औषधं, तंबाखू, आणि गरज पडली तर सकाळचं टेस्टोस्टेरॉन. छातीचा त्रास असेल तर हृदयतज्ज्ञ. मेटफॉर्मिन चालू असेल तर ट्वेल्व्ह दरवर्षी. डीची तपासणी हाडांच्या तक्रारीसाठी राखून ठेवावी. लॅबवाल्यांनी ‘पुरुष आरोग्य’ नावाच्या पॅकेजमध्ये डी आणि ट्वेल्व्ह वर ठेवून एचबीए-वन-सी वगळण्याचा प्रकार बंद करावा. माझ्या लॅबमध्ये ते पॅकेज मी काढून टाकलं आहे. आता कुणी ते मागायला आलं तर आधी विचारतो की साखर शेवटची कधी तपासली होती.